अंगणातली तुळस खिडकीत आली

कीर्तन संपते, आरती होते, कपाळी बुक्का लागतो आणि मग श्रोते एकेक करून जवळ येतात. व्यासपीठावरून कोणी विचारणार नाही ते प्रश्न तेव्हा निघतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत असे दोन प्रश्न मी इतक्या गावांत ऐकले की त्यांची उत्तरे एकदा लिहून ठेवावी असे वाटले. पहिला प्रश्न असा : "महाराज, आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. घराला अंगण नाही. तुळस घरात, खिडकीशी ठेवली तर चालते का?" दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो : "महाराज, तुळस लावते आणि ती वाळून जाते. घरावर काही संकट तर नाही ना?"

पहिल्या प्रश्नात संकोच आहे आणि दुसऱ्यात भीती आहे. दोन्ही प्रश्न बहुधा बायकांचे असतात, कारण तुळशीची सेवा पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच केली आहे. "चालते हो, ठेवा" एवढे म्हणून मोकळे होता येते. पण नुसत्या होकाराने संकोच जात नाही. तुळस आजवर कुठे कुठे राहिली आणि तिने किती घरे बदलली, हे समजले की तो जातो. म्हणून आज थोडा इतिहास पाहू.

आरंभ पुराणांपासून करू. पद्मपुराणात आणि स्कंदपुराणात तुळशीचे माहात्म्य आले आहे. जालंधराची पत्नी वृंदा हिची कथा पद्मपुराणात आहे. ब्रह्मवैवर्तात आणि देवीभागवतात तीच गोष्ट शंखचूडाची पत्नी तुलसी म्हणून येते. नावे वेगळी, पण गाभा एकच. एका पतिव्रतेची देवाकडून फसवणूक झाली. तिने देवाला शाप दिला की तू दगड होशील. देवाने तो शाप नाकारला नाही, उतरवूनही मागितला नाही. तो शाळिग्राम झाला, आणि जिने शाप दिला तिलाच त्याने मस्तकी धरले. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण तुळशीचे लग्न लावतो, त्याच्या पोटात ही कथा आहे.

या पूजेची रीत पाहा. देवळातल्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठा लागते, पुजारी लागतो, गाभारा लागतो, दाराला कुलूप लागते. तुळशीला यातले काही लागत नाही. सकाळी तांब्याभर पाणी, संध्याकाळी दिवा, हळदकुंकू आणि प्रदक्षिणा. मंत्र येत असेल तर म्हणावा, नसेल तर हात जोडावेत. जिला वेदाचा अधिकार नाही असे सांगितले गेले, तीच या पूजेची मुख्य पुजारीण. घरातली बाई आणि तिचा देव यांच्यामध्ये इथे तिसरे कोणी उभे नाही. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ आणि पाणी एवढ्यावर संतुष्ट होतो. त्यातले पान आणि पाणी या दोन गोष्टी तुळशीपाशी रोज एकत्र येतात.

वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने तुळस पुदिन्याच्या कुळातली. सब्जा, मरवा, ओव्याच्या पानाचे झाड ही सगळी तिची भावंडे. तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहा, ती गोल नसून चौकोनी लागेल. पुदिन्याचीही तशीच लागेल. ही त्या कुळाची खूण आहे. स्वीडनच्या लिनियस या पंडिताने जगभरच्या झाडांना लॅटिन नावे दिली. तुळशीला त्याने १७६७ साली जे नाव दिले त्यातल्या 'सँक्टम' या शब्दाचा अर्थ पवित्र. त्यानेच १७५३ साली दिलेले आधीचे नाव आज शास्त्रात ग्राह्य धरतात, ती गोष्ट निराळी. पण हिंदुस्थान न पाहिलेल्या माणसालाही हे झाड पवित्र म्हणून ओळखावे लागले, एवढे खरे.

आता अंगणाकडे येऊ. आपल्या डोळ्यांपुढे तुळस म्हटले की चौसोपी वाडा, मधला चौक आणि त्यात घडीव दगडाचे किंवा चुन्याचे वृंदावन उभे राहते. खाली चौथरा, वर निमुळता होत गेलेला खांब, पुढे दिव्यासाठी कोनाडा आणि माथ्यावर मातीत तुळस. ते उंच का बांधले याचा विचार केला तर सोय दिसते. शेळीचे तोंड पोचत नाही, कोंबड्या उकरत नाहीत, पावसाचे पाणी मुळाशी साचत नाही आणि भिंतींच्या सावलीतून वर आल्यामुळे ऊन मिळते. चार गोष्टी ध्यानात ठेवा, पुढे खिडकीपाशी आल्यावर त्या उपयोगी पडतील.

परंतु वाडे होते किती लोकांकडे? गावात पाटलाचा एक, देशपांड्याचा एक, सावकाराचा एखादा. बाकी सारे गाव कुडाच्या आणि मातीच्या घरांत राहत होते. त्यांची तुळस मातीच्या ओट्यावर असे. शेणाने सारवलेला हातभर उंचीचा ओटा, कधी फुटक्या माठाचे बूड, कधी चार दगड रचून केलेला आळा. महाराष्ट्रातल्या बहुतेक तुळशी अशाच ठिकाणी वाढल्या. दगडी वृंदावनाची ऐट मोठी खरी, परंतु ती नसल्याने कोणाची तुळस कमी झाली नाही.

पेशवाईच्या पुण्यात नारो अप्पाजी खिरे यांनी राममंदिर उभारले त्या जागेचे नावच तुळशीबाग. सज्जनगडावर वेणास्वामींचे आणि अक्कास्वामींचे स्मारक वृंदावनाच्या रूपात आहे. म्हणजे वृंदावन पूजेचे स्थान होते तसे स्मरणाचेही होते. माणूस गेला तरी त्याच्या जागी हिरवे पान हलत राहावे, ही त्यामागची भावना.

आता थोडे दक्षिणेला, गोव्यात जाऊ. घरात तुळस लावणे हा एके काळी गुन्हा होता, हे आपल्या किती वारकऱ्यांना माहीत आहे? पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला. १५६० साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, सुरू झाले. मध्ये १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायालयाची नजर मुख्यतः ख्रिस्ती झालेल्या स्थानिक लोकांवर असे. धर्म बदलला, पण घरातल्या रीती बदलल्या की नाही, हे ते तपासत. १७३६ साली त्यांनी एक मोठा जाहीरनामा काढला. लग्नातली गाणी, विडे, जेवणाच्या पद्धती, पोशाख, अशा अनेक गोष्टींना त्यात बंदी होती, आणि त्यांतच तुळशीचाही समावेश होता. घराच्या आवारात तुळस लावू नये, असलेली काढून टाकावी, असा हुकूम. आपल्या मराठी संशोधकांपैकी अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहून हा सगळा इतिहास लोकांपुढे ठेवला.

हा हुकूम वाचताना माझ्या मनात येते ते असे. इन्क्विझिशन सुरू होऊन तेव्हा पावणेदोनशे वर्षे होत आली होती. तरीही तुळशीवर बंदी घालावी लागली, याचा अर्थ तुळस तोवर घरोघरी होतीच. देऊळ पाडता येते, मूर्ती फोडता येते, पोथी जाळता येते. पण परसात आपोआप पडणाऱ्या बीचे काय करणार? गोव्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांसमोर आजही चौथऱ्यावर उभारलेला क्रूस दिसतो, त्याला फुले वाहतात, मेणबत्ती लावतात. त्या चौथऱ्यात वृंदावनाचे रूप उरले आहे, असे काही अभ्यासक म्हणतात. मला त्यात कोणाचा जय किंवा पराजय दिसत नाही. घरासमोर एक पवित्र जागा असावी आणि तिन्हीसांजेला तिथे उजेड व्हावा, ही माउलीच्या मनातली भूक दिसते. ती भूक हुकुमाने मरत नाही.

त्याच काळात गोव्यातल्या देवांनीही घरे बदलली. मंगेश, शांतादुर्गा अशी दैवते साष्टीतल्या आपल्या मूळ जागा सोडून नदीपलीकडे फोंडा भागात आली आणि तिथेच राहिली. आपल्या विठोबाबद्दलही परंपरा सांगते की मूर्ती विजयनगरला गेली होती आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास यांनी ती पंढरीस परत आणली. देव प्रवास करतात. देवाला जागा बदलण्याचा कमीपणा वाटत नाही, तर आपण अंगणातून चौथ्या मजल्यावर गेलो म्हणून संकोच का धरावा?

आणि वारकऱ्याने तर हा संकोच मुळीच धरू नये. कारण चालणारी तुळस ही आपल्याच संप्रदायाची ठेव आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत ठेवून वारी नेण्यास आरंभ केला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या पालखीला आजची शिस्त दिली. त्या शिस्तीत दिंडीचा प्रत्येक माणूस आपल्या जागी चालतो. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, वीणा आणि त्यांच्याबरोबर डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या आयाबहिणी. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट. दिवे घाटाचा चढ, वरून ऊन नाहीतर पाऊस, आणि डोक्यावर माती-पाण्यासकट वृंदावन. रिंगणात हीच माउली ते वृंदावन सांभाळत धावते. हात सोडून धावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, एक पान गळत नाही.

या तुळसवाल्या कोण असतात? सवाष्ण असते, विधवा असते, लेकुरवाळी असते, निपुत्रिक असते. कुणबी असते, माळी असते, मराठा, धनगर, महार, चांभार, ब्राह्मण असते. ज्या काळी गावात विधवेला हळदीकुंकवाच्या ओळीत बसू देत नव्हते, त्या काळीही वारीत तुळस तिच्या डोक्यावर होती. गळ्यातल्या तुळशीमाळेचेही तसेच. पंढरीच्या विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांपासून तोवर सहाशे वर्षे गेली होती. पण माळ त्या दाराशी थांबली नव्हती. ती कधीच सर्वांच्या गळ्यात होती. तेव्हा तुळशीला अमक्याने पाणी घालावे, तमकीने घालू नये, असे कोणी सांगितले तर त्याला नमस्कार करावा आणि आपण पाणी घालावे.

तुळशीबरोबर आणखी एक प्रश्न येतो. काही माउली सांगतात, "खिडकीत तुळशीच्या शेजारीच कोथिंबीर, पुदिना, मिरची लावली आहे. देवाच्या शेजारी भाजी चालते का?" याचे उत्तर आपल्याला अरणच्या सावता महाराजांनी देऊन ठेवले आहे. सोलापूर जिल्ह्यात मोडनिंबजवळ अरण गाव. तेथे सावतोबांनी १२९५ साली देह ठेवला. पंढरी जवळ असूनही मळा सोडून ते जात नसत आणि पांडुरंगच त्यांच्या मळ्यात येई, असे आपण कीर्तनात सांगतो. मळ्यातल्या भाज्यांची नावे घेऊन त्यांतच विठाई पाहणारा त्यांचा अभंग तर शाळेतल्या पोरांनाही पाठ असतो.

त्या अभंगात मिरचीचे नाव येते, आणि इथे इतिहास जाणणारा माणूस अडखळतो. मिरची हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. सावता महाराज त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. तेव्हा आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिऱ्यांचा आणि आल्याचा. मग हा शब्द आला कुठून? कोणी म्हणेल, अभंगच सावतोबांचा नाही. मला तसे म्हणण्याचे कारण दिसत नाही. आपले वाङ्मय शेकडो वर्षे कंठातून कंठात आले. गाणारा आपल्या मळ्यातली भाजी पाहून गातो. मळ्यात मिरची आली तशी ती ओठांवर आली असावी. पाठ बदलतात हे आपल्या संतांनाही माहीत होते. म्हणून तर नाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती पडताळून शुद्ध प्रत सिद्ध केली. पाठ शुद्ध करणे हे श्रद्धेचे काम आहे, श्रद्धेविरुद्धचे नाही.

आणि त्या मिरचीतून मला तर एक बोधच मिळतो. परदेशातून आलेल्या झाडालाही वारकऱ्याने आपल्या मळ्यात जागा दिली, आणि तेवढ्यावर न थांबता अभंगातही जागा दिली. म्हणून तुळशीच्या शेजारी पुदिन्याची कुंडी असली तर काही बिघडत नाही. दोघी बहिणी आहेत हे वर सांगितलेच. पूजेच्या कुंडीत भाजी लावू नये, ती वेगळ्या कुंडीत असावी, एवढा विवेक पुरे.

अंगण आणि खिडकी यांच्यामध्ये एक मुक्काम आहे तो मुंबईच्या चाळीचा. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी काढली आणि पुढच्या पन्नास-पाऊणशे वर्षांत घाटावरचा नि कोकणातला माणूस गिरणगावात लोटला. एका खोलीत आठ-दहा माणसे, पाळीपाळीने झोपणारी. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड येथे सरकारने १९२० नंतर बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतली खोलीही दहा-बारा हात लांबीची. अंगणाचे नाव नाही. पण याच चाळींत भजनी मंडळे उभी राहिली, एकादशीला रात्ररात्र जागर झाले, आणि पंढरीला जाणाऱ्या दिंड्या निघाल्या. तुळस कुठे होती? गॅलरीच्या कठड्याला तारेने बांधलेल्या पत्र्याच्या डब्यात. आधी रॉकेलचा डबा, मग डालड्याचा. बुडाला खिळ्याने चार भोके, गावाहून पिशवीत आणलेली माती आणि आईने दिलेले रोप. त्या डब्यावरचे ताडाचे चित्र पूजेच्या हळदीकुंकवाने माखून गेलेले असे. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी तिला पाणी मिळे. मी तरुणपणी अशा चाळींत कीर्तने केली आहेत आणि त्या डब्याला नमस्कार करूनच वीणा गळ्यात घातली आहे. त्या तुळशीला कोणी कमी लेखेल तर त्याला गिरणगावातली भक्ती समजली नाही.

म्हणून आता फ्लॅटच्या खिडकीतल्या तुळशीविषयी. वाड्यात वृंदावन, झोपडीपुढे ओटा, वारीत डोके, चाळीत डबा आणि आज ग्रिलमधली कुंडी. ही एकाच परंपरेची पुढची पायरी आहे. ती शास्त्राला धरूनच आहे. परंतु झाडाला त्याचे म्हणून काही नियम आहेत, ते पाळले नाहीत तर भक्ती कितीही असली तरी रोप जगत नाही.

वृंदावनाच्या ज्या चार गोष्टी सांगितल्या त्या इथे लावा. पहिली गोष्ट ऊन. तुळस उन्हाचे झाड आहे. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळेल अशा खिडकीत ती ठेवावी, पूर्वेची किंवा दक्षिणेची खिडकी उत्तम. देवघर आतल्या खोलीत आहे म्हणून तुळस तिथे अंधारात ठेवू नये. पूजेपुरती हवी तर आत आणावी आणि परत उन्हात न्यावी. दुसरी गोष्ट पाण्याचा निचरा. कुंडी वीतभर खोल तरी असावी आणि तिच्या बुडाला भोक असावे. शोभेच्या चिनीमातीच्या वृंदावनाला बहुधा भोक नसते, म्हणून त्यात रोप महिन्यात कुजते. मातीत थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळावे. तिसरी गोष्ट पाणी. घरात चार माणसे असतात आणि चौघेही आंघोळ करून भक्तिभावाने तांब्याभर पाणी घालतात. बिचारी बुडून मरते! बोट मातीत खुपसून पाहावे, ओल लागली तर त्या दिवशी पळीभर पाणी वाहून नमस्कार करावा. दूध, उसाचा रस, तेल मुळाशी ओतू नये. दिवा पानांना झळ लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवावा. चौथी गोष्ट मंजिरी. मंजिरी धरली की झाडाची शक्ती बीकडे जाते आणि ते म्हातारे होऊ लागते. म्हणून मंजिऱ्या खुडून देवाला वाहाव्यात. द्वादशीला आणि सांजवेळी तुळस तोडू नये असा आपला रिवाज आहे, तोही पाळावा. तोडणाऱ्या हाताला त्याने आवर बसतो.

थंड देशांत राहणारी मराठी मुले विचारतात, त्यांच्यासाठी एवढेच की तुळस हिमाला टिकत नाही. थंडी सुरू झाली की ती घरात घ्यावी, काचेला पान टेकू देऊ नये, आणि ऊन नसेल तर झाडांसाठी मिळणारा दिवा लावावा. तो दिवाही दिवाच आहे.

पुदिन्याच्या काडीला पाण्यात मुळे फुटतात, ती लावली की कुंडी भरते. त्याला थोडी सावली चालते. ओव्याचे पान नुसती फांदी खोचली तरी येते. धणे हाताने दुभंगून पेरावेत. गवती चहाला मात्र मोठी कुंडी लागते.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हल्ली कीर्तनांतून आणि मोबाईलवरच्या निरोपांतून सांगतात की तुळस चोवीस तास प्राणवायू देते. तसे नाही. कोणतेही हिरवे पान प्राणवायू सोडते ते उजेडात, रात्री तेही आपल्यासारखेच श्वास घेते. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बर्डवुड या इंग्रज गृहस्थांनी लंडनच्या टाइम्स पत्रात लिहिले होते की मुंबईच्या राणीच्या बागेत तुळस लावल्यावर डासांचा त्रास कमी झाला. त्याचा आधार घेऊन आजही मोठमोठी विधाने होतात. तुळशीच्या पानात लवंगेसारख्या वासाचे तेल आहे, खोकल्याला आपण तिचा काढा घेतो, हे खरे. पण एका कुंडीने हिवताप टळत नाही, त्यासाठी साचलेले पाणी काढावे लागते. जी पूजा शेकडो वर्षे प्रेमावर उभी आहे तिला खोट्या शास्त्राचा टेकू कशाला द्यायचा? तो टेकू निघाला की तरुण मुलांचा आपल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

आता राहिला दुसरा प्रश्न, वाळलेल्या तुळशीचा. "तुळस वाळली, आता घरात काही वाईट होणार," या भीतीने किती माउलींची झोप उडालेली असते! सासू बोलते, शेजारीण बोलते, एखादा शांतीचा खर्चही सांगतो. माउली, आपल्या गळ्याला हात लावून पाहा. तिथे काय आहे? तुळशीची माळ. ती कशाची केली? वाळलेल्या तुळशीच्या लाकडाची. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. वाळलेली खोडे आणून, तासून, एकेक मणी भोक पाडून माळ ओवतात. एकशे आठ मण्यांची ती माळ आपण जन्मभर गळ्यात वागवतो, आणि शेवटी देहाबरोबर तीच जाते. वाळलेली तुळस अशुभ असती तर सगळा वारकरी संप्रदाय अशुभ गळ्यात बांधून फिरला असता काय?

तुळस हे दीर्घायुषी झाड नाही. नीट सांभाळले तर दोन-तीन वर्षे, क्वचित अधिक. वडासारखी ती शतके उभी राहणार नाही. पण जाताना ती हजारो बिया देऊन जाते. अंगणात त्या आपोआप पडत, नवे रोप केव्हा आले हे कळत नसे, म्हणून आजीची तुळस कधी वाळली नाही असे आपल्याला वाटते. खिडकीत ते काम आपल्याला हाताने करावे लागते, एवढाच फरक. वाळलेले खोड कचऱ्यात टाकू नये. त्याची काडी देवाच्या गंधाबरोबर उगाळावी, किंवा मातीत पुरावे. घाबरून शांती करण्यापेक्षा नवे रोप लावावे, त्यातच शांती आहे.

ज्येष्ठात पहिला पाऊस पडला की वाळलेली मंजिरी तळहातावर चुरडा. बी मोहरीपेक्षाही बारीक असते. ओल्या मातीवर पसरून वर बोटाच्या पेरभरसुद्धा नको, नुसती चिमूटभर माती भुरभुरा. आठ-पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसतील. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघते. ज्यांचे पाय आता वारीला साथ देत नाहीत, त्या माझ्यासारख्या थकल्या वारकऱ्यांनी त्या दिवशी कुंडी खिडकीत ठेवावी आणि रोज हरिपाठ म्हणून पळीभर पाणी घालावे. पालखी पुण्यात, सासवडात, वाखरीत पोचेल तसे रोप एकेक पान काढील. आषाढी एकादशीला त्यातले एक शेजारच्या दारी द्यावे. शेजारी कोण आहे, त्याची जात कोणती, हे विचारू नये. तुळशीने ते कधी विचारले नाही.

राम कृष्ण हरि.